आत्याची शाळा आणि इंजिनेरीणबाईंचा वर्ग

भिलाईत आल्याच्या पहिल्याच महिन्यात मला शाळेतून परत पाठवलं. मी गावाकडे मराठी तिसरी पास होऊन आले होते. बाबा कारखान्याच्या बांधकामावर खलाशी होते, क्रेननं उचललेलं लोखंड जागेवर बसवायचं त्यांचं काम. कॅम्पात पत्र्याची एक खोली मिळाली तेव्हा त्यांनी मला, मायला आणि आत्याला गावाहून बोलावून घेतलं.

शाळा हिंदी होती. बडी बहेनजी, म्हणजे तिथली मुख्य बाई, चष्म्याच्या वरून बघायची. तिनं माझ्यापुढे पुस्तक सरकवलं. मी वाचलं, पण मला येत होतं तसं, मराठी वळणानं. शेजारच्या बाकावरच्या दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. बहेनजीनं त्यांना गप्प केलं नाही. तीही हसली.

"ये नहीं चलेगा," ती बाबांना म्हणाली. "पहली में बैठा दीजिए."

पहिलीत! पहिलीतली पोरं माझ्या कंबरेला लागत होती. बाबांनी हात जोडले, पोरगी हुशार आहे म्हणाले, पण अर्धं मराठीत आणि अर्धं कशाततरी. बहेनजीनं पुढच्या माणसाला हाक मारली. माझा विषय तिच्यापुरता संपला होता. त्या हसण्याचा राग माझ्या मनात अजूनही तेवढाच आहे. वय झालं की माणूस मऊ होतो म्हणतात. माझं तसं काही झालं नाही.

घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "काय म्हणली?"

बाबांनी सांगितलं.

"पयलीत कावून? इले तं भागाकार येते." आत्या चुलीपुढून उठली. "राहू दे थे शाळा. मीच शिकवतो इले."

आत्या बाबांची धाकटी बहीण. सातवीपर्यंत शिकलेली. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा तिनं रडारड केली नाही, आपली पत्र्याची पेटी उचलली आणि भावाकडे आली. ती गोड बोलणारी नव्हती. कुणाशी जमवून घ्यायचं तिला माहीतच नव्हतं. माय तिला मनातून घाबरायची. मीही घाबरायची.

शिकवायला घरात काहीच नव्हतं. आत्यानं ते एकेक करून जमवलं. रशियाहून येणारी यंत्रं मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत, आणि रिकामी खोकी फोडून त्यांच्या फळ्या लोक घरी नेत. कुणी त्यांचा पाट करी, कुणी कोंबड्यांचं खुराडं. बाबांनी दोन रुंद फळ्या आणल्या. आत्यानं कोळसा वाटून पाल्याच्या रसात कालवला आणि त्यावर तीनदा हात दिला, तरी रशियन अक्षरं खालून दिसतच राहिली. लोखंडी प्लेटवर खुणा करायचा पांढरा दगडी खडू बाबांच्या खिशात नेहमी असे. तो फळ्यावर कर्रकर्र वाजायचा, पण लवकर झिजायचा नाही. डाळीच्या डब्यांवर वजनं शिकले. दुर्ग ते नागपूरपर्यंतची स्टेशनं पाठ केली आणि चुलीच्या राखेत बोटानं नकाशा काढून एकेक स्टेशन बसवलं. चुकलं की आत्या खडूचं टोक डोक्यात मारायची.

वाचायला नागपूरचं वर्तमानपत्र होतं. आमच्याच खोल्यांच्या ओळीत राहणारा एक जण रेल्वेत होता, तो गाडीतून कुणीतरी टाकलेला पेपर घेऊन यायचा. कधी कालचा, कधी परवाचा. आत्या त्यातल्या बाकी बातम्या मायला चूल पेटवायला देऊन टाकायची आणि शाळा-कॉलेजच्या बातम्या तेवढ्या कापून ठेवायची. कुठे मुलींचं वसतिगृह निघालं, कुठल्या परीक्षेचे अर्ज निघाले, कुठे मास्तर मिळत नाहीत म्हणून शाळा बंद आहे. तेच माझं शुद्धलेखन. 'विद्यार्थिनींसाठी' हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की त्यातली वेलांटी कुठे ऱ्हस्व आणि कुठे दीर्घ हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

हळूहळू ओळीतली बाकीची पोरं येऊन बसायला लागली. कुणाला प्रवेश मिळाला नव्हता, कुणी शाळेत जायचा पण त्याला गणित कळत नव्हतं. आमची खोली भरून पोरं बाहेर पत्र्याच्या सावलीत बसायची. मायला स्वयंपाकाला जागा राहायची नाही. ती कुरकुरायची, पण आत्यासमोर नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मायनं नळावर ऐकलं की सेक्टरात, म्हणजे पक्क्या क्वार्टरांच्या वस्तीत, एका इंजिनियरच्या बायकोनं मराठी मुलांसाठी हस्तकलेचा वर्ग काढला आहे. कंदील, कागदाची फुलं, रंगीत साखळ्या. फुकट. मला शाळाच नव्हती, तर सुट्टी कुठली! पण रंगीत कागद म्हटल्यावर मी मायच्या मागेच लागले.

"आपन दिवाळी सोडली ना?" आत्या म्हणाली. आम्ही दीक्षा घेतल्यापासून घरात दिवाळी होत नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढे पौर्णिमेला मेणबत्ती लागायची, तेवढंच.

"कागद कापाले सन कायले लागते?" माय पहिल्यांदाच तिला उलटून बोलली. "चार पोराईत बसन. दिवसभर तुमचा खडू खाऊन राहिली डोक्यात."

आत्या फळा पुसायला वळली. मी गेले.

इंजिनेरीणबाई, ओळीतल्या बायका तिला असंच म्हणत, पुण्याकडची होती. गोरी, नीटनेटकी, आवाज मंजुळ. तिच्या क्वार्टरला खराखुरा व्हरांडा होता, लाल फरशीचा. सतरंजीवर आठ-दहा मुलं बसली होती. तिनं माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग बाबा काय करतात ते विचारलं. मी सांगितलं. ती "बरं, बरं" म्हणाली आणि सतरंजीच्या पुढे, पायरीशी, माझ्यासाठी एक पोतं अंथरलं. मला वाटलं, मी उशिरा आले म्हणून.

बांबूच्या काड्या, दोरा, पतंगी कागद. तिचे हात सुंदर चालत. चांदणीचा कंदील कसा बांधायचा ते तिनं एकदा दाखवलं आणि मला लगेच जमलं. मुलांना तिनं कागदाचे ताव वाटले. माझ्यापर्यंत आली तेव्हा ताव संपले होते, म्हणून कापून उरलेले तुकडे दिले. मैद्याची खळ दोन वाट्यांत होती. मुलं बोटं बुडवून घेत होती. मी वाटीकडे हात केला तेव्हा ती म्हणाली, "थांब हं, तू हात लावू नकोस. मी घालते." आणि चमच्यानं, वरून, माझ्यापुढच्या कागदावर खळ ओतली. थोडी माझ्या पायावर सांडली.

मला ते विशेष वाटलं. माझ्या एकटीसाठी ती उठून येते, आपल्या हातानं घालते! घरी जाऊन मी हौसेनं सांगितलं, बाई मला स्वतः खळ घालून देते. ऐकून माय भाकरी थापायची थांबली. आत्यानं एवढंच विचारलं, "बाकीच्याइले बी वरूनच टाकते?"

"नाई. त्याईले वाटी हाये."

आत्यानं मला आणखी दोन दिवस जाऊ दिलं. का ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुधा तिला खात्री करून घ्यायची होती, किंवा माझा कंदील पुरा व्हावा असं वाटलं असेल.

तुकडेच मिळाले होते, म्हणून मी ते जोडून पट्टे केले. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी. पौर्णिमेला आमच्या ओळीत लागायचा त्या झेंड्यासारखे. मुद्दाम केलं की नुसतं रंग जमले म्हणून, ते सांगता येणार नाही, पण पाहून मला आनंद झाला एवढं आठवतं. शेवटच्या दिवशी व्हरांड्यात दोरी बांधली आणि सगळ्यांचे कंदील टांगले. मीही माझा टांगला. इंजिनेरीणबाई आली, रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्या कंदिलापाशी थांबली.

"हा तुमचा झेंडा का?"

मी मान हलवली.

"तुम्ही लोक दिवाळी सोडलीत ना? मग कंदील कशाला हवा?" आवाज मंजुळच होता. तिनं कंदील सोडवला आणि माझ्या हातात दिला. "हा घरी लाव. इथे सणाचे कंदील आहेत."

पोरं माझ्याकडे बघत होती. त्यात आमच्याच ओळीतली, आत्याकडे गणिताला बसणारी एक मुलगी होती. तिनं मान खाली घातली. रडू येत होतं, पण मी रडले नाही. कंदील छातीशी धरून चालत घरी आले, त्यात त्याची दोन टोकं चेपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं धुतलेलं लुगडं नेसलं, माझा हात धरला आणि आम्ही सेक्टरात गेलो. इंजिनेरीणबाई व्हरांड्यातच होती.

"पोरीले खळ वरून कावून टाकत होत्या?" आत्यानं नमस्कारही केला नाही.

"अहो, लहान मुलं, सांडतात."

"बाकीचेई लहानच होते. त्याईले वाटी होती."

बाईचा चेहरा बदलला. "हे पाहा, मी कुणाकडून पैसा घेत नाही. तुमची मुलगी आली, मी बसवून घेतली. दुसऱ्या कुणी घेतली असती का, विचारा. आणि वर तुम्हीच जाब विचारायला येता?"

"पोत्यावर बसवली."

"तुम्हाला उपकार कळत नाहीत."

"उपकार नाई म्हनत याले आमच्याकडे," आत्या म्हणाली. "दुसरा शब्द हाये. तुमच्या व्हरांड्यात उभी हावो म्हून बोलत नाई."

बाई उठून दारापर्यंत गेली आणि तिथून वळली. "तुम्हीही क्वार्टरमध्ये वर्ग भरवता म्हणे. क्वार्टर राहायला दिलंय. परवानगी घेतलीय का?"

"शिकवाले परवानगी लागत असन तं तुमचीई दाखवा."

दार बंद झालं. परतताना आत्यानं पुन्हा माझा हात धरला. तिचा हात इतका घट्ट होता की माझी बोटं दुखत होती.

आठवडाभरानं कारखान्याच्या ऑफिसातून माणूस आला. दारात उभा राहून त्यानं पोरं मोजल्यासारखी बघितली. "क्वार्टर में क्लास नहीं चलेगा," तो म्हणाला, "शिकायत आई है." पोरं पाट्या उचलून पळाली. बाबा ड्युटीवरून आले तेव्हा तो पुन्हा आला आणि त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा दिसलं तर खोली जाईल. तक्रार कुणी केली ते त्यानं सांगितलं नाही. मला पुरावा नाही. पण मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी बाबा आणि आत्या भांडले. मी बाबांना इतकं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"बंद कर थे आता. खोली गेली तं पोरीबाळीले घेऊन कुठं जाऊ मी? गावाले? गावाले काय ठेवलं हाये?"

"तू कावून भेतं, दादा? पोराईले पाढे शिकवले, चोरी नाई केली."

"भेतो मी! हो, भेतो! तुले काय, तुयावर कोन हाये?"

ते बोलायला नको होतं. बाबांनाही लगेच कळलं असणार, कारण त्यांनी मान फिरवली. माय म्हणाली, "राहू द्या वो आता." आत्यानं आपली पेटी बाहेर ओढली. सकाळी ती गेली. बाबा सकाळच्या शिफ्टला निघून गेले होते. मुद्दाम लवकर गेले असं मला वाटलं. मायनं तिला अडवलं नाही.

शेतांपलीकडचं रुआबांधा तेव्हा गावच होतं. तिथं एक म्हातारी राहायची, तिची जमीन कारखान्यात गेलेली, मुलगा कामावर. आत्याची तिची ओळख बाजारात भाजी घेताना झाली होती. "मोर परछी खाली हे, नोनी," म्हातारी म्हणाली, "पढ़ा न." परछी म्हणजे घरापुढची पडवी; ती रिकामी आहे, पोरी, तिथं शिकव, असं तिचं म्हणणं. आत्या त्या पडवीत राहायला लागली आणि तिथंच शिकवायला लागली. आमच्या ओळीतली पोरं शेतातून चालत जात. फळा बाबांनी द्यायला नकार दिला नाही, पण पोचवायलाही गेले नाहीत. मी आणि दोन पोरांनी मिळून तो नेला.

आता आत्यानं माझं मराठी बंद केलं. "त्याईच्या भाषेतच त्याईले दाखवू," ती म्हणाली. तिला स्वतःला हिंदी येत नव्हतं, बाजारापुरतं सोडून. तिनं हिंदीची पुस्तकं आणली आणि माझ्या एक धडा पुढे राहून शिकली. कधीकधी आम्ही दोघी एकाच शब्दावर अडायचो आणि ती पडवीपुढून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला थांबवून अर्थ विचारायची. लिंग चुकलं की माझ्यावरच चिडायची, जणू 'दही' पुल्लिंगी मीच ठरवलं होतं.

आत्यानं आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. बाबा तिकडे गेले नाहीत. निरोप माझ्याबरोबर जायचे आणि तेही कोरडे. "तुया बापाले सांग, पोरीले चप्पल घे." "आत्याले सांग, घेतली."

उन्हाळ्यात पेपरात बातमी आली की घरी शिकलेल्या मुलांची चाचणी घेऊन त्यांना योग्य त्या वर्गात घ्यावं असं शिक्षण खात्यानं म्हटलं आहे. आत्यानं ते कात्रण पदराच्या गाठीत बांधलं आणि शाळा उघडताच मला घेऊन गेली.

बडी बहेनजी तीच होती. कात्रण मराठीत, तिनं ते उलटंसुलटं केलं. आत्यानं तोडक्यामोडक्या हिंदीत अर्थ सांगितला.

"अख़बार में तो बहुत कुछ छपता है," बहेनजी म्हणाली.

"आप परीक्षा लेव," आत्या म्हणाली. "नापास हुई तो मैं ले जाती."

"आज समय नहीं है."

"हम बैठते."

आणि ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मला शेजारी बसवलं. दुपारची घंटा झाली, मुलं डबे खाऊन परत वर्गात गेली. चपराशी दोनदा येऊन म्हणाला, कल आना. आत्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. शेवटी बहेनजी वैतागून बाहेर आली आणि मला आत बोलावलं. वाचायला दिलं, लिहायला दिलं, गणितं दिली. मी वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. गणितं तिनं चौथीची दिली, मग पाचवीची दिली. सगळी बरोबर आली.

"चौथी में ले लेंगे," ती म्हणाली.

"पाँचवीं का गणित बनाया उसने," आत्या म्हणाली.

"चौथी. नहीं तो मत लाइए."

आत्यानं मला चौथीत घातलं. रस्त्यात मला वाटलं आता ती काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "एक वर्स खाल्लं तिनं तुयं." आणि थोड्या वेळानं, "'कोरा'मध्ये काना विसरली होती तू. मी खिडकीतून पायलं."

बाबांनी त्या दिवशी जिलेबी आणली आणि मला म्हणाले, जा, आत्याला बोलावून आण. मी पळत रुआबांध्याला गेले. आत्या पोरांना पाढे घालत होती.

"त्याले सांग, खोली सांभाळ म्हना आपली," ती म्हणाली.

मी तसंच येऊन सांगितलं. शब्द बदलावा एवढी अक्कल मला नव्हती. बाबांनी जिलेबी खाल्ली नाही.

इंजिनेरीणबाई त्याच वर्षी बाजारात भेटली. मी शाळेच्या कपड्यांत होते, माय बरोबर होती. "अगंबाई, शाळेत जायला लागलीस?" ती म्हणाली. माझ्या गालाला हात लावला. त्याच हातानं तिनं तेव्हा माझ्यापुढे खळ वरून ओतली होती. "आत्या कशा आहेत? फार तापट बाई."

मी मागे सरकले. उत्तर मायनं दिलं. "बऱ्या हायेत, तुमच्या आशीर्वादानं." ती पुढे गेल्यावर मी मायला म्हटलं, "आशीर्वाद कायचा? कायचा आशीर्वाद?" मायनं भाजीवाल्यासमोर माझ्या पाठीत धपाटा घातला. तिचं म्हणणं, आपल्याला इथं राहायचं आहे. मला ते पटलं नाही. ती बाई पुढे बरीच वर्षं वर्ग घेत राहिली, लोक तिचं कौतुक करत. मी एका शब्दानं त्यात भर घातली नाही.

मी सातवीत असताना रुआबांध्याची म्हातारी वारली आणि तिच्या मुलाला पडवी स्वतःसाठी हवी झाली. आत्यानं कुणाकडे जागा मागितली नाही. पेपरातलीच एक जाहिरात पाहून गोंदियाकडच्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीच्या कामाला अर्ज केला आणि तिला बोलावणं आलं. जायच्या दिवशी मी दुर्ग स्टेशनवर गेले. बाबाही आले, सायकलवरून, ड्युटीचे कपडे घालून, मायनं दिलेला भाकरीचा डबा हँडलला अडकवलेला.

ती दोघं बोलली नव्हती त्याला किती दिवस झाले, ते मोजायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. बाबांनी डबा पुढे केला. तिनं घेतला.

"मी भेलो तवा," बाबा म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. "भेला."

बाबा आणखी काही म्हणतील म्हणून ती थांबली. ते रुळांकडे बघत राहिले. गाडी आली तेव्हा तिनं स्वतःच पेटी वर चढवली, बाबा हात लावायला गेले तर कोपरानं बाजूला सारलं. खिडकीशी जागा मिळाली. मग तिनं मला बोलावून विचारलं, आठवीला गणित कोण घेणार. मी सांगितलं, नवे सर येणार आहेत.

"समजलं नाई असं वाटलं तं त्याईले विचारजो. सोडजो नको."

गाडी हलली. बाबा तिथूनच शिफ्टला गेले. मी चालत घरी आले.